काय, किती, कवा

गया सिस्टरची मला किळस यायची. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं कुणाला वाटेल की मी एखाद्या देवमाणसाचं चित्र काढायला बसले आहे. ती काही देवमाणूस नव्हती. पुंडलिकनगरात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर होतं. सरकारी दवाखान्यात अपघाताचे, जळालेले, विष पोटात गेलेले पेशंट आधी जिथं आणतात, त्या कॅज्युअल्टीत ती नर्स होती. ड्यूटीवरून आली की अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायची, खाकरायची, थुंकायची आणि आमच्या खिडकीकडे तोंड करून आज काय काय पाहिलं ते माझ्या आईला सांगायची. नेमके आम्ही तेव्हा जेवायला बसलेलो असायचो.

"आक्का, आज एक लेकरू आलतं. डांबराची गोळी गिळलेलं. उलटीत अख्खी निघाली. धुतली तर परत कपाटात ठेवता येईल अशी."

आई ताट उचलून आतल्या खोलीत जायची. माझा घास हातातच राहायचा.

समोर आम्ही तिला अहो-जाहो करायचो आणि पाठ वळली की ती गयी व्हायची. आमच्या घराची रीतच तशी. पैठणकडं जमीन, शहरात नोकरी, दारात तुळस आणि पाठीमागं सगळ्यांची उणीदुणी. ती सवय मला लिहितानाही सोडवत नाही, म्हणून इथं 'ती'च म्हणते.

बुटकी, रुंद बाई. दौलताबादच्या किल्ल्याखालच्या मेंढपाळांच्या घरातली. नवरा होता की नव्हता हे गल्लीत कुणालाच धड माहीत नव्हतं आणि तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. नाक मोठं, आणि त्या नाकावर तिचा सगळा भरवसा. कुणाच्या लेकरानं उलटी केली की आम्ही पदर नाकाला लावून मागं सरायचो, आणि ही खाली वाकून, नाक टेकेल इतकं जवळ नेऊन वास घ्यायची. बोटानं चिवडायची. "माणसं सांगत नाईत," म्हणायची, "ह्ये सांगतं." मग ते वाटीत भरून वर बशी झाकून दवाखान्यात न्यायला लावायची. आमच्याकडं तिच्यासाठी कान तुटलेला वेगळा कप होता. मोरीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. दवाखान्याचा हात म्हणे. ती त्या कपातून चहा प्यायची आणि स्वतःच विसळून पालथा घालून जायची. तिला ते कळत होतं, याची मला आज खात्री आहे.

एकदा आईनं घरी हळदी-कुंकू केलं. बायका बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसलेल्या, हातात तिळगूळ. गया सिस्टर आली ती पांढऱ्या साडीत, तशीच ड्यूटीवरून. कुंकू लावून घेतलं आणि सरळ स्वयंपाकघरात. मी मागं गेले तर बाई चक्क दोन्ही हात-गुडघे टेकून रांगत होती. ओट्याखाली डोकं, बाहेर नुसता मागचा भाग. माझी वहिनी तेव्हा पोटुशी होती, ती हसू दाबत कोपऱ्यात उभी.

"काय बघताय, सिस्टर?"

"घर बगतेय. तुम्ही उभ्यानं बगता. दोन फुटावरून कसं दिसतं ते कुणी बगतं का?"

तिनं एकेक वस्तू बाहेर ओढली. थंड पेयाच्या बाटलीत रॉकेल. सायकलवरून विकायला येणाऱ्याकडून घेतलेलं संडासाचं ॲसिड, तेही सरबताच्या बाटलीत. उंदराच्या गोळ्या कागदाच्या पुडीत, पुडी कशाची तर खडीसाखरेची. प्रत्येकाचं बूच काढून वास घेतला आणि बायकांच्या देखत आईला म्हणाली, "आक्का, तुमच्या घरात खायचं वर ठेवलंय आन मरायचं खाली." मग ॲसिडची बाटली मोरीत उपडी केली. त्याचा असा काही धूर आणि फेस झाला की बायका खोकत खोकत उठल्या. आईचं हळदी-कुंकू नासलं. आई त्यावर महिनाभर बोलत होती. ॲसिडबद्दल एक अक्षर नाही.

तिचे तीन प्रश्न सगळ्या गल्लीला पाठ होते. लेकरानं काही गिळलं म्हणून कुणी रडत आलं की ती रडणं ऐकूनच घ्यायची नाही. काय, किती, कवा. ह्यांची उत्तरं आधी. ती मिळेपर्यंत आईचं नाव विचारायची नाही की देवाचं घ्यायची नाही. आणि वस्तू बरोबर घ्यायला लावायची: बाटली, पुडी, झाडाचं पान, जे काही असेल ते.

मंदाकाकूंची गोष्ट झाली तेव्हा मी प्रत्यक्ष हजर होते. मंदाकाकू समोरच्या. त्यांची दीड वर्षाची नात, तिनं थंड पेयाच्या बाटलीतलं रॉकेल प्यायलं. सगळ्या गल्लीत एकच आरडाओरड. कुणी मिठाचं पाणी आणलं, कुणी ताक आणलं. मंदाकाकूंनी पोरीला पालथं मांडीवर घेतलं आणि आपल्या वेणीचं टोक तिच्या घशात घातलं. आमच्याकडं उलटी करवायची ही जुनी रीत. केस घशाला लागले की लेकरू ओकतं. त्या वेणीला तेल, घाम, कालचा गजरा. पोरगी ओकारी देत होती, खोकत होती, ओठ निळसर पडायला लागलेले.

गया सिस्टर पिशवी घेऊन गल्लीत शिरली आणि रॉकेलचा वास नाकाला लागताच काही न विचारता तिनं मंदाकाकूंच्या हातावर एक फटका दिला. चांगला सणसणीत. वेणी सुटली.

"ओकवू नका. पोटात गेलं ते गेलं. वर आणलं की छातीत उतरतंय. रॉकेलनं लेकरू मरत नाय, तुमच्या वेणीनं मरंल."

"अहो पण मिठाचं पाणी तरी..."

"मिठाचं पाणी तुम्ही प्या."

पोरगी आठवडाभर दवाखान्यात राहिली. छातीत उतरलंच होतं थोडं, पण वाचली. पुढं कित्येक वर्षं मंदाकाकू प्रत्येक लग्नकार्यात सांगायच्या की त्या नर्सनं आपल्यावर हात टाकला. नात शेजारी बसून जेवत असायची. मला मंदाकाकूंचं तोंड बघवत नसे.

गया सिस्टरला इतका संताप कुठून येतो, हे एकदाच कळलं. गच्चीवर मी मिरच्या वाळत घालत होते, ती पलीकडच्या गच्चीवर गोधडी. मीच विचारलं, "तुम्हाला शिसारी नाही येत का हो, ओकारीत हात घालताना?"

"ओकारीची कशाला येईल?" ती म्हणाली. मग गोधडी झटकत झटकत, जशी दुसऱ्या कुणाची गोष्ट असावी तशी सांगत गेली. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ गेला. मेंढरांच्या गोचिडांवर लावायचं औषध शिशीत होतं. शिशी तिनंच पालाच्या खांबाला टेकवून ठेवलेली. पोरानं प्यायलं. आजीनं विचारलं, काय झालं, आणि ही नऊ वर्षांची पोर माराच्या भीतीनं म्हणाली, काय नाय, पडला. मग घरच्यांनी पडल्याचे उपाय केले. हळद लावली, शेकलं.

"सांजेला सांगितलं मी," ती म्हणाली. "तवर काय उरलं नव्हतं. जहराला उतारा असतो, पोरी. खोट्याला नसतो. किळस आली तर त्याची यावी."

मी मिरच्या पसरत राहिले. मला वाटलं, बाई जरा जास्तच बोलतेय.

आता माझं सांगणं भाग आहे, कारण त्याशिवाय तिचं पुढचं सांगता येत नाही.

मला फिट यायच्या. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पहिली आली. मोठ्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. लहान, पांढऱ्या, रोज न चुकता. त्या गोळ्यांनी फिट थांबल्याही, दोन वर्षांत एकही आली नाही. पण आईनं त्या गोळ्यांच्या डबीवरची चिठ्ठी पाण्यात भिजवून खरवडून काढली, डबी चुलीत टाकली आणि गोळ्या भरल्या पेपरमिंटच्या चपट्या पत्र्याच्या डबीत. पोरीच्या जातीला असं काही आहे हे बाहेर कळलं की लग्न होत नाही. आमच्या लोकांत हे कुणी बोलून दाखवत नाही, सगळे करतात. वहिनीला घरात येऊन तीन वर्षं झाली होती, तिलाही शक्तीच्या गोळ्या म्हणून सांगितलेलं. डबी सगळ्यात वरच्या फळीवर, देवांच्या मागं. रोज मी एक घ्यायचे आणि उरलेल्या मोजायचे. आईचा तसा दंडक होता, कमी पडू नयेत म्हणून.

माझं जमत आलं. मुलगा बँकेत, घरची बागायत. साखरपुड्याची बोलणी करायला मुलाची आई आणि त्याचा मामा आमच्याकडं आले. त्या दिवशी सकाळी आईनं घर झाडून पुसून घेतलं आणि तिच्या डोक्यात आलं की पाहुण्या बाई घर बघतील, देवाला नमस्कार करतील, देवांच्या मागची डबी दिसेल. तिनं ती काढली आणि धान्याच्या कोठीमागं खाली जमिनीवर सारली. उभ्या माणसाला दिसणार नाही अशी.

दोन फुटावरून ती दिसत होती.

बबलू, माझ्या दादाचा मुलगा, नुकता दोन वर्षांचा झालेला. त्याला पेपरमिंट फार आवडायचं. तसल्याच डबीतनं मी त्याला अधूनमधून एक द्यायचे, म्हणून डबी उघडायचं तंत्र त्याला जमलेलं. बोलणी छान चालली होती. दादा पेढे आणायला बाहेर पडला. वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर, आई पाहुण्यांजवळ. चहा आणायला म्हणून मी आत आले तर बबलू कोठीजवळ फतकल मारून बसलेला. डबी उघडी, गोळ्या फरशीवर आणि त्याच्या हनुवटीला पांढरं लागलेलं. तोंड कडवट करून माझ्याकडं बघत होता.

मला कळलं. वीज चमकावी तसं वगैरे नाही, अगदी साधं कळलं. चहाचं पाणी उकळत होतं हेही तेव्हाच कळलं.

मी काय केलं ते सांगते. गोळ्या गोळा करून डबीत भरल्या. डबी कमरेला साडीत खोचली. पदराच्या टोकानं त्याची हनुवटी पुसली. त्याला कडेवर घेऊन, बशा ठेवून आत आलेल्या वहिनीकडं दिलं आणि म्हणाले, "याला झोप आलीय वाटतं." मग चहा गाळून ट्रे घेऊन बाहेर गेले.

एकच गेली असेल, असं मी स्वतःला सांगत होते. कडू असते, थुंकलीच असेल. पाहुणे गेले की बघू. मुलाच्या आईनं विचारलं, "सगळा स्वयंपाक येतो का गं?" मी म्हटलं, "येतो." डबीची कड पोटाला टोचत होती. त्यांनी चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. मामांनी दुसरा कप मागितला. मी तो करून आणला.

अर्धा तास. आज इतक्या वर्षांनी त्या अर्ध्या तासाचा विचार आला की मला स्वतःचा वास येतो.

पाहुण्या बाईंना आईचं नातवंड बघायचं होतं म्हणून वहिनी मधल्या खोलीत त्याला उठवायला गेली. तिथून तिचा आवाज आला तो नेहमीचा नव्हता. बबलूला घेऊन ती स्वयंपाकघरात आली; तो ओल्या फडक्यासारखा तिच्या हातावर लोंबत होता. आईनं माझ्याकडं पाहिलं, मग कोठीमागं हात घातला, रिकामा बाहेर काढला आणि परत माझ्याकडं पाहिलं. आम्हा दोघींना सगळं ठाऊक झालं. आणि आई म्हणाली, "नजर लागली लेकराला. मीठ आणा."

तिनं ग्लासात मीठ विरघळवलं. वहिनीला वाकवलं, तिचीच वेणी तिच्या लेकराच्या तोंडाशी नेली. वहिनीनं वेणी ओढून घेतली आणि भिंतीपलीकडं तोंड करून हाक मारली, "सिस्टर."

गया सिस्टर जेवत असावी. खरकट्या हातानंच आली. आधी आईच्या हातातला ग्लास घेऊन मोरीत ओतला. "शुद्धीत नसलेल्या लेकराच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाय." त्याला फरशीवर कुशीवर निजवलं, तोंडाशी नाक नेलं, पापणी उचलली, गालाला चिमटा काढला, छातीवर हात ठेवून श्वास मोजला. पाहुणे दोघं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे.

"काय गिळलं?"

"काही नाही हो," आई म्हणाली. "ऊन लागलंय. झोपायची वेळ आहे त्याची."

"आक्का, ह्ये ऊन नाय. वास नाय, फेस नाय, नुसती झोप. गोळ्या हायत ह्या. कुणाच्या गोळ्या हायत घरात?"

"आमच्या घरात कुणालाच काही नाही," आई म्हणाली. ती सिस्टरला सांगत नव्हती, दाराकडं बघून सांगत होती.

सिस्टरनं मामांना विचारलं, "बाहेर जीप तुमची ना? काढा."

मामा म्हणाले, "ड्रायव्हर जेवायला गेलाय." ड्रायव्हर जीपमध्येच बिडी ओढत बसला होता. खिडकीतून सगळ्यांना दिसत होता. सिस्टरनं एकदा तिकडं पाहिलं, वाद घातला नाही. वहिनीला म्हणाली, "पोरी, रडू नगं. रिक्षा आण. पळ." वहिनी अनवाणी पळाली.

मग सिस्टर बसल्या जागेवरून सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघत गेली. माझ्यापाशी थांबली.

मी कमरेची डबी काढून तिच्यासमोर ठेवली. "माझ्या आहेत. फिटच्या."

आईनं तोंडाला पदर लावला. दारात पाहुण्या बाईंनी आपला पदर सावरला. सिस्टरच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नाही. शाबासकी नाही, राग नाही.

"किती हुत्या?"

"सकाळी सतरा उरल्या होत्या."

तिनं डबी फरशीवर उपडी करून खरकट्या बोटानं मोजल्या. "नऊ. म्हंजे आठ. कवा?"

"आत्ताच," मी म्हणाले.

तिनं ओट्यावरच्या चहाच्या पातेल्याकडं पाहिलं. खाली चोथा बसलेला, वर साय धरलेली.

"चहाच्या आधी का नंतर?"

ती वाट बघत होती, आणि तिच्या हाताखाली बबलूची छाती हळूहळू वरखाली होत होती.

"आधी," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं, ओट्याखालच्या बाटल्यांचं बूच काढून बघायची तसं. थुंकली नाही. मला वाटलं होतं थुंकेल.

रिक्षात तिनं बबलूला मांडीवर कुशीवर धरलं. वहिनी एका बाजूला, डबी घेऊन मी दुसऱ्या. वाटेत तो तिच्या मांडीवर ओकला. तिनं मान आणखी खाली केली, त्याच्या तोंडात बोट फिरवून साफ केलं, ते हातावर घेऊन उजेडात बघितलं. "दोन अर्ध्या हायत," म्हणाली आणि ते तसंच मुठीत धरून कॅज्युअल्टीत उतरली. डॉक्टरला एका दमात सांगितलं: फिटच्या गोळ्या, आठ, त्यातल्या दोन अर्धवट बाहेर, तासभर होत आला, ही डबी. वेळ बरोबर सांगितली. ती इतकी का झाली, हे सांगितलं नाही. डॉक्टरलाही नाही, वहिनीलाही नाही, नंतर कधी कुणालाच नाही.

बबलूनं दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. दादा भिंतीला डोकं लावून रडला.

पाहुणे आम्ही रिक्षात बसायच्या आधीच निघून गेले होते. ड्रायव्हरचं जेवण तोवर झालं असावं. पोहे तसेच टाकून. पुन्हा निरोप नाही. माझ्या लग्नाचा विषय त्या दिवशी संपला तो संपलाच. गल्लीला कळलं, भावकीला कळलं. आईनं ह्या सगळ्याचं खापर कुणावर फोडावं? गया सिस्टरवर. "तिनं चारचौघांत विचारलं म्हणून," आई मरेपर्यंत म्हणत होती. नातू अंगणात खेळत असायचा आणि आजी त्याला वाचवणाऱ्या बाईला शिव्या घालत असायची. मोरीच्या कोनाड्यातला तो कान तुटलेला कप आईनं फोडून टाकला. आणि त्या बाईनं काय केलं, तर चौथ्या दिवशी नळावर हात धुताना खिडकीकडं तोंड करून सांगायला सुरुवात केली, "आक्का, आज एक लेकरू आलतं. एरंडाच्या बिया चावून खाल्लेलं..."

मी शाळेत नोकरी धरली. दादा-वहिनीकडंच राहिले. सिस्टर रिटायर झाली आणि घर विकून दौलताबादला पुतण्याकडं गेली. मी तिला निरोप द्यायला बाहेर गेले नाही. ज्या बाईला आपलं सगळ्यात घाणेरडं ठाऊक आहे, तिच्यासमोर उभं राहायला नको वाटायचं.

गेले शेवटी बबलूच्या लग्नाची पत्रिका घेऊन, सव्वीस वर्षांनी. वहिनी म्हणाली, "पहिली पत्रिका सिस्टरना. तूच जा."

किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून पुतण्याचं सीताफळाचं दुकान, मागं घर. ती खाटेवर बसलेली. अंग आटलेलं, नाक मात्र तेवढंच. पुतण्याची नात खोलीभर दुडुदुडू फिरत होती. भिंतीवर पुरुषभर उंचीला खिळा, त्याला पिशवी, पिशवीत तिच्या गोळ्या. पिशवीवर जाड अक्षरात 'गयाबाई' लिहिलेलं.

पत्रिका तिनं डोळ्यांशी नेऊन वाचली. "बबलूच ना ह्यो? आठ गोळ्यांचा."

"हो," मी म्हणाले.

"तुझ्या चालू हायत का अजून?"

"चालू आहेत."

"आन वैनीला सांगितलं का, चहाचं?"

मी बाहेरच्या सीताफळांच्या पाट्यांकडं बघत बसले. "नाही."

ती खाटेवरून उतरली, आणि गुडघ्यांचा कडकड आवाज करत खाली हात टेकले. मला वाटलं पडली. मी उठले तर ती रांगत माझ्या खुर्चीमागं चाललेली. माझी पर्स मी खाली जमिनीवर ठेवली होती. पोरीनं तिची चेन उघडली होती आणि माझ्या गोळ्यांची पट्टी तिच्या हातात होती, टोक तोंडाशी. सिस्टरनं ती हळूच काढून घेतली, पोरीच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं, बोटाचा वास घेतला. मग तसंच खाली बसून, मान वर न करता विचारलं,

"किती हुत्या?"

"दहा. सकाळी एक घेतली. नऊ पाहिजेत."

तिनं अंगठ्यानं एकेक घर दाबत मोजल्या. "नऊ हायत." पट्टी माझ्या हातात दिली. "बग. इतकंच सांगायचं असतं. लगीच."

मी निघाले तेव्हा ती अजून खालीच होती, एक हात खाटेच्या माच्यावर आणि डोकं खाटेखाली, आणखी काय पडलंय ते बघत. ते मला झालेलं तिचं शेवटचं दर्शन. लग्नाला ती आली नाही. त्याच्या आधीच गेली.

पण दौलताबादहून मी परत आले त्या संध्याकाळचं राहिलं. वहिनी स्वयंपाकघरात एकटीच होती. मला बघून तिनं पातेलं घेतलं. "चहा ठेवते."

"चहा नंतर," मी म्हणाले. "आधी बस."

ती बसली. मी उभ्यानंच सांगितलं सगळं. डबी, हनुवटीचं पांढरं, पदर, 'याला झोप आलीय वाटतं', मामांचा दुसरा कप. मध्ये थांबले नाही. थांबले असते तर राहिलं असतं.

वहिनी ओट्याच्या कडेवरचं पीठ बोटानं गोळा करत होती.

"रिक्षा लगेच मिळाली होती त्या दिवशी," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच. मी परत आले होते. 'आधी' म्हणालीस तू तेव्हा मी दारात होते."

मी ओट्याला टेकले.

"सिस्टरनी मला बघितलं होतं," वहिनी म्हणाली. "नंतर दवाखान्यात म्हणाल्या, तू नको काढू. तिचं तिला सांगू दे. मला वाटलं, महिनाभरात सांगशील."

सव्वीस वर्षं तिनं मला रोज दोन वेळा चहा दिला होता. माझ्या हातून पोराला जेवू घातलं होतं. त्याला शाळेत मीच न्यायचे.

तिनं हात झटकले, उठली, गॅस पेटवला आणि पातेल्यात दोन कप पाणी ओतलं. चहा झाल्यावर माझ्यासमोर कप ठेवला. मला माझी किळस आली होती, घशापर्यंत. तरी मी तो प्यायले.